वैद्यकाचे दोन पाये आणि महाविद्यालयाची निवड



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेल्या व्याख्यानमालेची परंपरा ज्या शहरात आहे, तेथे वसंत ऋतूत श्रोत्यांना इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय ऐकण्याची सवय असते. आजचा आमचा विषय त्या मानाने घरगुती आहे. शरीरक्रियाशास्त्राची किंवा विकृतिशास्त्राची पदवी घ्यावयाची झाल्यास महाविद्यालय कसे निवडावे, एवढाच प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. परंतु या दिवसांत परीक्षा आटोपलेल्या असतात, निकालांची वाट पाहणे चाललेले असते, आणि ज्या घरात वैद्यकाकडे डोळे लावून बसलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्या घरात दुसरा विषयच निघत नाही. तेव्हा घरगुती म्हणून हा प्रश्न हलका ठरत नाही.

प्रथम शब्दांचा खुलासा करू. फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रियाशास्त्र. निरोगी शरीर कसे चालते याचा अभ्यास. पॅथॉलॉजी म्हणजे विकृतिशास्त्र. ते बिघडते कसे, बिघाड कोठे आणि कोणत्या जातीचा, याचा अभ्यास. पुणेकरांस समजेल असा दाखला द्यावयाचा तर असा: खडकवासल्याचे पाणी कोणत्या नळांतून, किती दाबाने आपल्या पेठेत येऊन पोहोचते हे सांगणारा तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आणि नळ कोरडा का पडला, वाहिनी कोठे गंजली, गाळ कोठे साचला हे खणून दाखवणारा तो विकृतिशास्त्रज्ञ. पहिले ज्ञान नसेल तर दुसरे आंधळे, आणि दुसरे नसेल तर पहिले पांगळे. वैद्यकाची इमारत या दोन पायांवर उभी आहे.

आणि तरीही या विषयांची आपल्या समाजात काय किंमत आहे? एम.बी.बी.एस. झालेल्या हुशार विद्यार्थ्याला विचारा. त्याला शल्यचिकित्सा हवी असते, क्ष-किरणशास्त्र हवे असते, त्वचारोग हवा असतो. विकृतिशास्त्र पुष्कळांच्या यादीत खाली असते आणि शरीरक्रियाशास्त्र तर शेवटच्या ओळीत. पदव्युत्तर जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, आणि त्यांत या पायाभूत विषयांचा वाटा मोठा असतो. 2023 साली तर रिकाम्या जागा भराव्यात म्हणून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतील पात्रतेची मर्यादा शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. जे दुसऱ्या कोणाला नको ते पदरात पाडून घ्यावयाचे, अशा वृत्तीने जेथे विद्यार्थी येतो, तेथे महाविद्यालयाची निवड तरी तो कशाला काळजीपूर्वक करील? मिळेल ते पुरे, असे म्हणून तो मोकळा होतो.

याचा भुर्दंड कोणाला पडतो? आपल्यालाच. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण गुंगीत पडलेला आहे, शल्यचिकित्सकाने गाठीचा एक तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवला आहे, आणि तो हात थांबवून उभा आहे. तुकडा गोठवून, त्याचा पातळ काप काढून, रंगवून, कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि थोड्या मिनिटांत कळवतो, कर्करोग आहे किंवा नाही. त्या शब्दावर एखाद्या बाईचा स्तन राहतो किंवा जातो. तो शब्द उच्चारणारा माणूस रुग्णाला कधी दिसत नाही, त्याचे नावही ठाऊक नसते. पण तो कोठे शिकला, कोणापाशी शिकला, हा प्रश्न आपल्या जिवाशी निगडित आहे. एवढ्याचसाठी आम्ही हा विषय फक्त पालकांपुढे न मांडता सर्व नागरिकांपुढे मांडण्याचे ठरवले.

आता वाटा कोणत्या ते पाहू, कारण येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. बारावीनंतर थेट विकृतिशास्त्राचा डॉक्टर होता येत नाही. आधी राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा, मग साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम आणि वर्षभराची आंतरवासिता. त्यात शरीरक्रियाशास्त्र पहिल्या टप्प्यात येते आणि विकृतिशास्त्र दुसऱ्यात. त्यानंतर पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचे एम.डी. दुसरी वाट विज्ञानाची: बी.एस्‌सी., मग एम.एस्‌सी., मग संशोधन. तिसरी वाट प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची. आयुर्वेदातही क्रियाशारीर आणि रोगनिदान हे पदव्युत्तर विषय आहेत, आणि टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारखी जुनी संस्था आपल्या शहरात आहे. प्रत्येक वाट मानाची आहे, पण प्रत्येक वाटेचा अधिकार वेगळा. विकृतिशास्त्राच्या अहवालावर सही कोणी करावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 2017 साली न्यायालयाने ती सही पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी हा निर्णय उचलून धरला. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारावे: या पदवीने आमच्या मुलाला काय करता येईल, आणि काय करता येणार नाही? हा प्रश्न प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालास न विचारता नियमांच्या पुस्तकास विचारावा.

वाट ठरल्यावर महाविद्यालय. येथे आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे: ज्या ठिकाणी पाहावयास भरपूर मिळते आणि पाहिलेले तपासून घेणारा गुरू शेजारी बसतो, ते महाविद्यालय चांगले. इमारत, नाव, क्रमवारी, वसतिगृहातील जेवण या सर्व गोष्टी त्यानंतरच्या.

हे आम्ही आज नव्याने सांगत नाही. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे केंब्रिजचा पदवीधर होता. घरच्या पदवीवर त्याचे भागले असते. पण तो इटलीतील पाडुआ येथे गेला, कारण तेथे फाब्रिसियस हा शारीरशास्त्राचा आचार्य शिकवीत होता आणि शवविच्छेदन पाहण्यासाठी उतरत्या कठड्यांचे प्रेक्षागृह उभारलेले होते. शिरांमध्ये बारीक पडदे असतात हे फाब्रिसियसने दाखवले; ते कशासाठी असतात हे मात्र त्याला नीट उमगले नाही. 1602 साली हार्वे तेथून पदवी घेऊन परतला तो हे कोडे मनात घेऊन. हृदय दर ठोक्याला किती रक्त ढकलते याचा हिशेब त्याने मांडला. अर्ध्या तासात शरीरातील एकंदर रक्ताहूनही अधिक रक्त हृदयातून जाते असे उत्तर आले. तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. 1628 साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शरीरक्रियाशास्त्राचा नवा पाया घातला गेला. पाडुआने हार्वेला उत्तर दिले नाही, प्रश्न दिला. चांगल्या महाविद्यालयाची याहून मोठी देणगी कोणती?

दूर कशाला जावयाचे? आपल्याच पुण्याची कन्या घ्या. कमल समर्थ, पुढे कमल रणदिवे म्हणून विख्यात झालेल्या, यांचा जन्म 1917 साली पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलगी हुजूरपागेत शिकली, फर्ग्युसनमध्ये शिकली. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तिने विज्ञानाची वाट धरली आणि शेतकी महाविद्यालयातून एम.एस्‌सी. केली, तीही वनस्पतींच्या पेशींवर. विवाहानंतर मुंबईस गेल्यावर टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गुरू लाभले. खानोलकर म्हणजे भारतातील विकृतिशास्त्राचे आद्य प्रवर्तक. लंडनहून 1923 साली विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन आलेले, मुंबईच्या महाविद्यालयांत शिकवलेले, आणि मग कर्करोगाच्या प्रयोगशाळेत ठाण मांडून बसलेले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी 1949 साली डॉक्टरेट मिळवली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जाऊन ऊतिसंवर्धन शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्या शास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. वनस्पतींच्या पेशींवरून माणसाच्या कर्करोगापर्यंतची ही वाटचाल कोणत्या माहितीपत्रकात सापडली असती? कमलाबाईंच्या आयुष्यात संस्था बदलल्या, पदव्या बदलल्या. त्यांना वळण लागले ते एका माणसाच्या प्रयोगशाळेत.

आणखी एक गोष्ट मुंबईचीच. एका रक्ताची तपासणी करताना उत्तर काही केल्या जुळेना. वरवर पाहता ते ओ गटाचे दिसे; पण ओ गटाचे रक्त कोणालाही चालते म्हणतात, ते याला चालेना. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नवा गट ओळखला आणि 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. आज जग त्याला बॉम्बे रक्तगट म्हणते. इतर जवळजवळ सर्वांच्या तांबड्या पेशींवर असणारे एच नावाचे द्रव्य या लोकांत नसते, म्हणून त्यांना त्यांच्याच गटाचे रक्त द्यावे लागते. कामाचा कंटाळा असलेल्या माणसाने ‘चाचणी बिघडली असेल’ म्हणून ती नळी धुऊन टाकली असती. न जुळणारी गोष्ट टाकून न देता तिच्यापाशी थांबणे, ही विकृतिशास्त्राची खरी शिकवण होय. आणि ती पुस्तकातून येत नाही, तसे थांबणाऱ्या माणसाच्या सहवासातून येते.

येथवर तत्त्व झाले. आता व्यवहार. महाविद्यालय पाहावयास जाल तेव्हा काय पाहाल आणि काय विचाराल?

पहिली गोष्ट, रुग्णालय पाहा. ते सकाळी दहाच्या सुमारास पाहावे आणि बाह्यरुग्ण विभागापासून पाहावे. खाटा किती आहेत हा आकडा भिंतीवर लिहिलेला असतो. त्या खाटांवर माणसे आहेत काय, हे डोळ्यांनी पाहावे. रुग्ण नाहीत तेथे तुकडे नाहीत, तुकडे नाहीत तेथे काचपट्ट्या नाहीत, आणि काचपट्ट्या नाहीत तेथे विकृतिशास्त्र नाही. विभागात गेल्या वर्षी तपासणीसाठी किती नमुने आले, हे नम्रपणे विचारावे. ज्यांच्या वह्या भरलेल्या असतात ते आनंदाने सांगतात.

दुसरी, प्रयोगशाळा पाहा. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मेणात बसतो, त्याचा तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप निघतो, आणि मग हिमॅटॉक्सिलिनने पेशीचा गाभा निळा-जांभळा व इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी होतो. यातील एक पायरी चुकली की चित्र बिघडते. विद्यार्थ्याला ही सर्व कामे स्वतःच्या हातांनी करावयास मिळतात काय? अनेकांनी एकाच वेळी डोळा लावावा असा सूक्ष्मदर्शक तेथे असतो. त्याच्याभोवती गुरू आणि शिष्य रोज बसतात काय, की त्यावर आच्छादन घातलेले आहे?

तिसरी, अहवाल प्रथम कोण लिहितो ते विचारा. जेथे विद्यार्थी आधी आपले मत लिहितो, मग आचार्य ते खोडतात आणि का खोडले ते सांगतात, तेथे विद्या आहे. जेथे विद्यार्थी केवळ नोंदी उतरवतो, तेथे तीन वर्षांत त्याचे अक्षर तेवढे सुधारेल.

चौथी, संग्रहालय आणि शवविच्छेदनगृह पाहा. बरण्यांतील जुनी हृदये, फुप्फुसे, यकृते यांवर धूळ आहे की विद्यार्थ्यांच्या बोटांचे ठसे आहेत, यावरून पुष्कळ कळते.

पाचवी, शरीरक्रियाशास्त्राचे. बेडकाचा पाय आणि फिरत्या धुरकट कागदावर उमटणारी रेघ हा मागच्या पिढ्यांचा अनुभव. आता बेडकाची जागा बहुतांशी संगणकाने घेतली आहे, आणि ते एका परीने बरेच झाले. परंतु त्यामुळे माणसाच्या शरीरावरील प्रयोग अधिक मोलाचे झाले आहेत. विद्यार्थी एकमेकांचा रक्तदाब, श्वासाचे मान, हृदयाचा विद्युत्‌आलेख स्वतः घेतात काय? विभागाचा रुग्णालयाशी, खेळाडूंशी, योगाभ्यासाशी काही संबंध आहे काय? लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने व क्रिया करताना शरीरात काय घडते हे क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या साधनांनी तपासून पाहिले. पुण्याच्या इतक्या जवळ, योगाच्या आश्रमात, शरीरक्रियाशास्त्र जिवंत होते. मोजण्याची हौस असली की विषय जागा राहतो. ती नसली की उंची साधने कपाटात झोपी जातात.

सहावी, मागच्या दोनतीन वर्षांतील विद्यार्थी गाठा आणि त्यांच्याशी महाविद्यालयाबाहेर, चहाच्या दुकानात बोला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरे. पण आधी ऐकले तर पाहिजे.

पुण्यात निवडीस वाव आहे. 1867 सालचे ससून रुग्णालय आणि त्याच्या अंगणात वाढलेले बैरामजी जिजीभॉय महाविद्यालय, जे 1878 साली वैद्यकशाळा म्हणून सुरू झाले आणि 1946 साली महाविद्यालय झाले, हे सर्वांत जुने. ससूनच्या ओसरीवर जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी गर्दी रुग्णाला त्रासाची असते, पण विद्यार्थ्याला ती विद्यापीठासमान. 1948 साली स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची शिस्त आणि विभाग नामांकित आहेत. तेथे प्रवेश घेणाऱ्याने सैन्यातील सेवेचे बंधन आधी मनाशी पक्के करावे. खासगी व अभिमत संस्थाही शहरात आणि भोवताली पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत काही ठिकाणी यंत्रसामग्री सरकारीहून सरस असते, पण शुल्क कित्येक पटींनी अधिक. कर्ज काढून विकृतिशास्त्र शिकलेला तरुण पुढे ते कर्ज फेडण्यासाठी घाईघाईने अहवालांवर सह्या करीत सुटला, तर त्यात त्याचेही नुकसान आणि आपलेही. म्हणून आपल्या ऐपतीचा विचार करणे हे कमीपणाचे मानू नये. तो निवडीचाच भाग आहे.

कोणी म्हणतील, जागाच मिळत नाहीत तेथे निवड कसली? यादीत नाव लागेल तेथे जावे लागते. हे आम्हांस मान्य आहे. परंतु पसंतिक्रम तर आपणच लिहून देतो! तो लिहिताना बहुतेक जण मागील वर्षीचे गुणांक समोर ठेवतात, म्हणजे दुसऱ्यांनी जे निवडले ते आपण निवडतो. आमची विनंती एवढीच की त्या यादीतील निदान पहिली चार ठिकाणे स्वतः जाऊन पाहावीत. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण दहा घरांची चौकशी करतो; तिच्या विद्येसाठी निदान चार घरांचे उंबरठे झिजवावेत.

या बाबतीत आनंदीबाई जोशांचे स्मरण होते. 1883 साली, अमेरिकेस जाण्यापूर्वी, या सतरा वर्षांच्या मुलीने श्रीरामपूरच्या सभेत उभे राहून आपण अमेरिकेस का जातो, एकटीच का जातो, याची उत्तरे एकामागून एक दिली. 1886 साली त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत याच पुण्यात त्यांचे देहावसान झाले. आपल्या मुलांकडून आम्हांला तेवढ्या धैर्याची अपेक्षा नाही. पण ‘हेच महाविद्यालय का?’ या प्रश्नाला कारणांसह उत्तर देता यावे, इतकी अपेक्षा मात्र जरूर आहे.

शेवटी एक गोष्ट आपणा सर्वांसाठी, ज्यांच्या घरी शिकणारे मूल नाही त्यांच्यासाठीही. महाविद्यालय चांगले कशाने होते? पाहावयास मिळण्याने, असे आम्ही म्हटले. मग पाहावयास देणार कोण? मुंबई राज्याने शारीरशास्त्रविषयक कायदा 1949 साली केला. देहदानाची सोय कित्येक वर्षांपासून आहे. दवाखान्यात मृत्यू आल्यावर नेमके कारण शोधण्यासाठी विकृतिशास्त्राचे शवविच्छेदन करू द्यावे अशी विनंती डॉक्टर करतात, तेव्हा आपण बहुधा हात जोडून नाही म्हणतो. दुःखाच्या क्षणी ते स्वाभाविक आहे आणि आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. पण घरातील शांत वेळी, कोणी आजारी नसताना, या गोष्टीचा विचार करून ठेवता येईल. आपण दिलेल्या संमतीतून एखादा विद्यार्थी जे पाहील, ते तो पुढे तीसचाळीस वर्षे हजारो काचपट्ट्यांत ओळखील. आणि त्यांतली एखादी आपल्या नातवाची असेल.

महाविद्यालय निवडण्याचा हक्क विद्यार्थ्यांचा आहे. ते निवडण्याजोगे ठेवण्याचे काम मात्र शहराचे आहे.